दावीद मालो : आपल्याच भाषेचे शिष्य व शिक्षक

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दोन हजारांहून अधिक मैलांच्या अंतरावर हवाई नावाची बेटे आहेत. जुन्या मिशन-अहवालांत त्यांस सँडविच बेटे असे म्हटलेले आढळते. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईत कार्यास आरंभ केला, त्याच बोर्डाने १८२० साली या बेटांवर आपली पहिली तुकडी उतरविली. तेव्हा तेथील मंडळ्या व आपल्या अहमदनगर, सोलापूर, सातारा या भागांतील जुन्या मंडळ्या एकाच घरच्या बहिणी म्हटल्या तरी चालेल. परंतु बहिणीची हकीकत बहिणीस ठाऊक नाही, अशी आपली स्थिती आहे. ती उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून आज आम्ही वाचकांपुढे दावीद मालो यांचे चरित्र ठेवीत आहो. हवाई लोकांच्या प्राचीन ज्ञानापैकी जे आज उरले आहे, त्याचा फार मोठा वाटा या एका पाळकाच्या लेखणीतून आलेला आहे. आणि ते ज्ञान लिहून ठेविताना त्यांच्या मनाची जी ओढाताण झाली, ती आपणांस अगदीच अनोळखी वाटणार नाही.

मालो यांचा जन्म १७९५ च्या सुमारास हवाई या मोठ्या बेटावरील कोना प्रांतात, केआउहोऊ नामक समुद्रकाठच्या गावी झाला. वडील आओआओ हे कामेहामेहा राजाच्या पदरी शिपाई होते. त्या काळी हवाई भाषेस लिपी नव्हती. पुस्तक नाही, दप्तर नाही, सातबारा नाही. कोणता सरदार कोणाच्या वंशातला, कोणाचा मान मोठा, हे सारे वंशावळी मुखोद्गत असलेल्या माणसांच्या जिभेवर होते. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैल घेऊन दारोदार येतात आणि घराण्याच्या पिढ्या धडाधडा म्हणून दाखवितात, तसलाच हा प्रकार. भेद इतकाच की तेथे या विद्येवर राजाची गादीसुद्धा अवलंबून असे. देवळातील प्रार्थना म्हणताना एखादे अक्षर चुकले तर सगळा विधी फुकट गेला असे मानीत. म्हणून शिकणाऱ्याने गुरूपाशी बसून ऐकावे, तसेच्या तसे म्हणावे, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून म्हणावे, ही तेथील शिक्षणाची रीत होती.

अशा शाळेत मालो वाढले. तरुणपणी ते कुआकिनी नावाच्या सरदाराच्या परिवारात राहू लागले. कुआकिनी हे राणी काआहुमानु यांचे बंधू. त्यांच्या वाड्यात वृद्ध मंडळींचा राबता असे. त्यांत आउवाए नावाचे एक नामांकित वंशावळकार व कवी होते. स्वतः कामेहामेहा राजाची त्यांच्यावर मर्जी होती. मालो त्यांच्या पायाशी बसले. वंशावळी, स्तवने, जुन्या कथा, देवळांचे विधी, महिन्याच्या प्रत्येक रात्रीचे नाव व तिचे गुण, हे सारे त्यांनी पाठ केले. हुला नावाचे जे नृत्यगायन त्या बेटांत आहे त्यातही ते वाकबगार होते, आणि सरदारांच्या करमणुकीच्या प्रसंगी त्यांस पुढे करीत. त्यांची पहिली पत्नी आआलाइलोआ त्यांच्याहून वयाने बरीच मोठी होती. तिला मूल झाले नाही व ती वारली.

१८१९ साली कामेहामेहा राजा मरण पावला, आणि त्याच वर्षी त्या देशात जे घडले ते ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. हवाई लोकांत कापू नावाची सोवळ्याओवळ्याची कडक व्यवस्था होती. पुरुषांनी व स्त्रियांनी एका ठिकाणी जेवावयाचे नाही. दोघांच्या चुली निराळ्या, जेवणाची घरे निराळी. स्त्रियांनी डुकराचे मांस, केळी व नारळ खाल्ले तर देहान्त शासन होत असे. नवा राजा लिहोलिहो याने काआहुमानु व इतर राण्यांच्या आग्रहावरून सर्वांदेखत स्त्रियांच्या पंक्तीस बसून अन्न घेतले. एका जेवणाने ती व्यवस्था कोसळली. देवळे पाडली गेली, मूर्ती जाळल्या गेल्या. पुढच्या वर्षी मिशनरी किनाऱ्यास लागले तेव्हा हे सर्व होऊन चुकले होते. ज्यांच्या गावी पाणवठा निराळा आणि पंगत निराळी असे, त्यांस एका ताटाचे मोल वेगळे सांगावयास नको.

१८२३ साली मालो माउई बेटावरील लाहायना या गावी राहावयास आले. तेथे त्याच वर्षी विल्यम रिचर्ड्स नावाचे मिशनरी येऊन राहिले होते. रिचर्ड्स यांस हवाई भाषा शिकावयाची होती. मालो यांस अक्षरे शिकावयाची होती. दोघेही एकमेकांचे गुरू झाले आणि एकमेकांचे शिष्यही. मालो यांनी पुढे बाप्तिस्मा घेतला व दावीद हे नाव धारण केले. हवाई भाषेत ते दाविदा असे लिहितात. गंमत अशी की त्या भाषेच्या वर्णमालेत द हे अक्षरच नाही.

ही गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. १८२२ च्या जानेवारीत होनोलुलू येथे हवाई भाषेतील पहिले पान छापले गेले. परंतु शब्द कसा लिहावा यावर मिशनरी मंडळींत एकमत होईना. एकाच शब्दात कोणास क ऐकू येई, कोणास त. ल आणि र, प आणि ब, व चे दोन प्रकार, यांतही तोच घोटाळा. खरे पाहता हवाई माणसाच्या कानास हे भेद नव्हतेच. तो कसाही उच्चार करी आणि शब्द तोच राही. शेवटी १८२६ साली मिशनऱ्यांनी मते घेऊन अनावश्यक अक्षरे गाळली, आणि पाच स्वर व सात व्यंजने मिळून बारा अक्षरांची वर्णमाला ठरविली. गाळलेली अक्षरे पवित्र शास्त्रातील परकी नावे लिहिण्यापुरती राहिली. त्यांतूनच मालो यांस आपला द मिळाला.

एका बाबतीत मात्र त्या वेळी कानाने चूक केली. हवाई बोलीत शब्दाच्या मध्येच श्वास किंचित अडवून पुढे सोडतात, आणि स्वर लांब की आखूड यानेही अर्थ पालटतो. पाउ एका तऱ्हेने म्हटले तर संपले असा अर्थ होतो. मध्ये श्वास अडविला तर काजळी. अडवून शेवट लांबविला तर ओलसर. आणि दोन्ही स्वर लांब करून अडविला तर स्त्रियांचे नेसूचे वस्त्र. आपल्या दिन आणि दीन यांतला भेद जो जाणतो त्यास हे कळेल. ही खूण त्या काळच्या छपाईत बहुधा घालीत नसत. ऐकणारास ती कळतच होती, म्हणून कोणाचे अडले नाही. दीडशे वर्षांनंतर, बोलणारे थोडे उरले, तेव्हा अडले.

अक्षरे ठरल्यावर शिकण्याची जी लाट उसळली तिला दुसरी उपमा मिळणे कठीण. राणी काआहुमानु स्वतः पाटी घेऊन बसल्या. मग सरदार बसले. मग सारे लोक. वाचणे शिकविण्याची पद्धत आपल्या बाराखडीसारखीच होती. व्यंजनास स्वर जोडून सगळ्यांनी एका सुरात म्हणावयाचे, आणि त्या म्हणण्यावरून वर्णमालेलाच पी-आ-पा असे नाव पडले ते आजतागायत चालू आहे. ज्या लोकांस पाठ करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यांस ही सुरावट सोपी गेली. १८३१ च्या सुमारास बेटांत सुमारे अकराशे शाळा व पन्नास हजारांवर शिकणारे होते, आणि त्यांतले बहुतेक वयस्क होते. गावचा शिक्षक कालच शिकलेला असे, आणि आज शिकवीत असे.

नवा करार १८३२ साली व संपूर्ण पवित्र शास्त्र १८३९ साली हवाई भाषेत छापून पूर्ण झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या भाषांतरात मालो यांनी रिचर्ड्स यांस साहाय्य केले. भाषांतराच्या कामात परदेशी विद्वानाचे नाव पुस्तकावर येते आणि शेजारी बसून शब्द पुरविणाऱ्याचे बहुधा येत नाही. आमच्या मराठी शास्त्राच्या इतिहासातही असे पुष्कळ अनाम पंडित आहेत. मूळ भाषा मालो यांस येत नव्हती. पण कोणता हवाई शब्द कोणत्या ठिकाणी शोभतो, कोणता सरदाराच्या तोंडचा आणि कोणता कोळ्याच्या तोंडचा, हे त्यांच्याइतके कोणास कळणार? विश्वास या अर्थी हवाई शास्त्रात जो शब्द रूढ झाला तो मानाओ म्हणजे विचार व इओ म्हणजे खरा या दोहोंचा मिळून झाला आहे. प्रीतीला त्यांनी अलोहा हाच घरगुती शब्द ठेविला. मेंढरू त्या बेटांत मूळचे नव्हते, म्हणून त्याचे नाव इंग्रजीवरून हिपा असे करून घेतले.

५ सप्टेंबर १८३१ रोजी लाहायनाच्या वर, डोंगराच्या उतारावर सुमारे दोन मैलांवर, लाहायनालुना नावाची शाळा उघडली. लॉरिन अँड्र्यूज हे तिचे मुख्याध्यापक होते. गावोगावच्या शिक्षकांस अधिक ज्ञान द्यावे हा तिचा हेतू. छप्पर घालण्यापासून सर्व काम विद्यार्थ्यांनीच केले. दगड वाहिले, चिखल तुडविला, गवत आणले, आणि पोटासाठी अळूची शेतीही केली. अळूचा कांदा शिजवून कुटून केलेले पोई हे तेथील भाकरीच्या ठिकाणी आहे. या पहिल्या वर्गात पस्तिशी उलटलेले मालो येऊन बसले. ज्यांच्यापाशी सरदार वंशावळी विचारीत, ते आता भूगोल व अंकगणित शिकत होते. इंग्रजी मात्र त्यांस शेवटपर्यंत नीट साधली नाही. हवाई भाषेत जे जे छापून निघे ते सर्व ते वाचीत, आणि त्याबाहेरचे जग त्यांस बंद राहिले. आमच्या उपदेशक बंधूंपैकी कोणास इंग्रजी येत नाही म्हणून मन लहान वाटत असेल, तर त्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यांच्याकरिता म्हणूनच आम्ही हे मुद्दाम लिहिले.

१८३४ साली याच शाळेच्या छापखान्यातून हवाई भाषेतील पहिले वर्तमानपत्र निघाले. मग १८३६ च्या सुमारास शेल्डन डिबल नावाच्या शिक्षकांनी एक निराळाच उद्योग आरंभिला. त्यांनी देशाच्या इतिहासाविषयी प्रश्नांची यादी तयार केली, दहा चांगले विद्यार्थी निवडले, आणि एकेक प्रश्न देऊन त्यांस सर्वांत वृद्ध व जाणत्या लोकांकडे पाठविले. प्रत्येकाने ऐकून येऊन लिहावे, मग सर्वांनी मिळून वाचावे, जेथे मेळ बसत नाही तेथे पुन्हा विचारावे. अशा रीतीने तयार झालेला हवाईचा इतिहास १८३८ साली छापला गेला. त्या कामात मालो यांचा हात होता. आम्हांस ही रीत फार आवडली. एक वही, एक प्रश्न व एक म्हातारा माणूस एवढ्या सामग्रीवर ती चालते.

पण मालो यांचे खरे काम पुढे झाले. त्यांनी स्वतः एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव मोओलेलो हवाई, म्हणजे हवाईची कथा अथवा इतिहास. आरंभीच ते सांगतात की पूर्वजांपाशी अक्षरे नव्हती, सर्व भार स्मरणावर होता, आणि म्हणून एकच गोष्ट निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळी झाली. ज्याची सारी विद्या पाठांतराची, त्यानेच पाठांतराच्या उणिवा पहिल्या पानावर मांडाव्या, हा प्रामाणिकपणा लहान नव्हे. मग ते एकेक विषय घेतात. किनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत जमिनीच्या प्रत्येक पट्ट्याचे नाव. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत समुद्राच्या प्रत्येक पट्ट्याचे नाव. दगडांच्या जाती, माशांच्या जाती, सालीपासून कापड कसे करीत, होडीसाठी झाड कसे निवडीत, घर बांधताना काय म्हणत, चंद्राच्या रात्रींची नावे, माकाहिकी नावाचा वार्षिक सण, लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ. वाचताना असे वाटते की म्हातारा आपल्यास शेताच्या बांधावरून फिरवीत आहे आणि हाताने एकेक वस्तू दाखवीत आहे.

त्या ग्रंथातील एक भाग आमच्या वाचकांस विशेष वाटेल. हवाई समाजात सरदार व रयत यांच्या खाली काउवा नावाचा एक वर्ग होता. हे लोक जन्मानेच विटाळलेले मानीत. त्यांच्याशी जेवणखाण नाही, सोयरीक नाही. मालो यांनी ही गोष्ट झाकून ठेविली नाही. आणि सरदार व रयत यांच्याविषयी, सरदारांच्या वंशावळी पाठ असलेल्या या माणसाने, असा निर्वाळा दिला की वाकेआ व पापा या आद्य मातापित्यांपासूनच दोघेही आले. मुळात फरक नाही. सरदारांच्या अन्नावर वाढलेल्या माणसाने त्यांच्याच वंशावळीच्या आधारे हे लिहावे, हे आम्हांस त्या ग्रंथातील मोठे धैर्य वाटते.

आता दुसरी बाजू. मालो हे नवे ख्रिस्ती होते, आणि नव्या माणसाचा आवेश त्यांच्या ठायी पुरेपूर होता. जुन्या देवांविषयी लिहिताना त्यांची लेखणी कठोर होते. देवळांतील प्रार्थना त्यांस पाठ होत्या. पण कित्येक ठिकाणी ते विधी सांगून पुढे जातात आणि शब्द देत नाहीत. त्यांच्या ग्रंथाचे पुढे इंग्रजी भाषांतर करणारे नथॅनिएल इमर्सन यांस याचे दुःख वाटले. मालो यांनी जुन्या गोष्टींकडे थोडे कमी कठोरपणे पाहिले असते तर पुष्कळ अधिक हाती लागले असते, असे त्यांचे मत होते. आम्ही मालो यांस दोष देण्यास धजत नाही. ज्या व्यवस्थेत केळे खाल्ल्यावरून स्त्रीचा जीव जाई, ती व्यवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. दुरून कौतुक करणारास तिच्यात सौंदर्य दिसते. तिच्याखाली राहिलेल्यास दुसरेही दिसते. तथापि एवढे म्हणावेसे वाटते की काही गोष्टी केवळ त्यांनाच येत होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्या गेल्या.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवते. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो. पहिल्या नेमणुकीच्या गावी मंडळीत एक म्हातारी होती. तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या येत होत्या; माहेरच्या, भावाच्या, पावसाच्या, दुष्काळाच्या. काहींत जुन्या देवांची नावे होती. एके दिवशी आम्ही मोठ्या अधिकाराने तिला सांगितले की आता हे सोडावे, गीते म्हणावी. तिने मान डोलविली, आणि त्यानंतर आमच्या देखत ती कधी गायिली नाही. चार वर्षांनी ती वारली. दुष्काळाच्या ओव्यांत त्या गावच्या विहिरींची, कोरड्या पडलेल्या ओढ्यांची व मुंबईला गेलेल्या माणसांची नावे होती असे तिच्या सुनेने मागून सांगितले. सुनेला त्यांतली एकही पूर्ण येत नव्हती.

मालो यांच्याकडे परत वळू. शाळेतून बाहेर पडल्यावर त्यांनी शिकविले, माउई बेटाच्या शाळांची देखरेख केली, आणि १८४१ साली ते सबंध राज्याच्या शाळांचे पहिले अधीक्षक झाले. त्याच सुमारास नव्या राज्यघटनेनुसार निवडलेल्या लोकप्रतिनिधींतही ते होते. शाळा हवाई भाषेत चालत, शिक्षक हवाई असत, हिशेब हवाई माणसाच्या हाती असे. कापूस, गुळाची काकवी असे उद्योगही त्यांनी करून पाहिले. स्वतःच्या शेतातील कापसाचे कापड अंगावर घालण्याचा त्यांस अभिमान होता.

परंतु त्यांची दृष्टी सुखाची नव्हती. १८३७ साली त्यांनी राज्यातील अधिकारी सरदारांस पत्र लिहून सावध केले, की जसे खोल समुद्रातील अनोळखी मोठे मासे किनाऱ्याच्या लहान माशांस गिळतात, तसे दूरदेशीचे मोठे व चतुर लोक या लहान राज्यास गिळतील. ज्या मिशनऱ्यांनी त्यांस अक्षरे दिली त्यांच्यावर त्यांचे प्रेम होते. पण त्याच जहाजांच्या मागून व्यापारी, खलाशी व रोग आले हेही त्यांस दिसत होते. १८३९ साली त्यांनी आपले लोक का कमी होत आहेत यावर एक निबंध लिहिला. १८३२ च्या मोजणीत बेटांत सुमारे १,३०,००० लोक होते; १८५३ च्या मोजणीत सुमारे ७३,००० राहिले. गोवर, डांग्या खोकला, देवी यांनी गावे ओस पडली. १८४५ साली लाहायनाच्या लोकांनी राजाकडे अर्ज केले, की परदेशीयांस मंत्रिपदे देऊ नयेत व जमीन विकू नये. त्या चळवळीत मालो पुढे होते. राजाचा निरुपाय झाला असावा. १८५० साली परदेशीयांस जमीन विकत घेण्याची मुभा कायद्याने मिळाली.

माणसे अशी झपाट्याने मरत असता मालो लिहीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या ग्रंथाची घाई व कोरडेपणा दोन्ही समजतात. आउवाए यांच्यासारखे गुरू गेले होते. विचारावयास कोण उरले होते?

१८५२ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. हवाई माणसांत हा मान पहिल्याने जेम्स केकेला यांस १८४९ साली मिळाला होता. आपल्याकडे अहमदनगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांची दीक्षा १८५४ सालची, म्हणजे दोन्हीकडे काळ जवळपास एकच. मालो यांस माउई बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर कालेपोलेपो येथील मंडळी सोपविण्यात आली. समुद्राकाठी दगडांचे चर्च उभे राहिले. त्याच्या भिंतींचे अवशेष अजून आहेत व त्यांच्या आत उघड्यावर आजही उपासना होते. पण त्यांच्या वाट्यास जेमतेम एक वर्ष आले. त्यांची दुसरी पत्नी पूर्वीच वारली होती. तिसऱ्या पत्नीपासून त्यांस एक मुलगी झाली; तिला त्यांनी पहिल्या पत्नीचे, आआलाइलोआ हे नाव ठेविले. या तिसऱ्या लग्नात त्यांस सुख लाभले नाही. घरच्या दुःखाने खचून त्यांनी अन्न व औषध नाकारले, आणि २१ ऑक्टोबर १८५३ रोजी त्यांचे देहावसान झाले. पाळकाच्या घरचे असे दुःख चरित्रकार बहुधा गाळतात. आम्ही गाळले नाही, कारण ते खरे आहे.

त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांस लाहायनालुना शाळेच्या वरच्या उंच टेकडीवर पुरले. परक्यांची भरती तेथपर्यंत चढणार नाही असे त्यांस वाटले होते.

ग्रंथ हस्तलिखितच राहिला. दरम्यान मालो यांनी ज्याचे भय बाळगिले तेच झाले. १८९३ साली राणी लिलिउओकालानी यांस पदच्युत करण्यात आले. १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. १८९८ साली बेटे अमेरिकेत सामील झाली. हवाई बोलल्याबद्दल शाळेत मुलांस शिक्षा होऊ लागल्या. आईबाप मुलांशी इंग्रजीत बोलू लागले, आणि दोन पिढ्यांत भाषा म्हाताऱ्यांच्या ओठांवर राहिली. १९०३ साली इमर्सन यांचे भाषांतर होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातर्फे निघाले, आणि पुष्कळ वर्षे हवाई माणसांस आपल्या आजोबांचे शब्द इंग्रजीतूनच वाचावे लागले.

१९७८ साली राज्यघटनेत हवाई भाषेस इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत स्थान मिळाले. १९८४ साली काउआई बेटावर काही पालकांनी व शिक्षकांनी मिळून पूनाना लेओ, म्हणजे वाणीचे घरटे, नावाची पहिली बालशाळा उघडली. लहान मुलांत दिवसभर हवाईच बोलावयाचे, दुसरी भाषा नाही. १८९६ च्या कायद्याचा अडसर अजून पुरा निघाला नव्हता. तो निघाल्यावर १९८७ पासून सरकारी शाळांतही हवाई माध्यमाचे वर्ग सुरू झाले. त्या वर्गांस पुस्तके हवी होती. वनस्पतींची नावे, होडीच्या भागांची नावे, चंद्राच्या रात्री, हे शब्द कोठून आणावयाचे? ज्या जुन्या पानांकडे शिक्षक वळले त्यांत मालो यांची पाने होती.

२०२० साली हवाई विद्यापीठाने मालो यांचा ग्रंथ दोन खंडांत, मूळ हवाई शब्दांसह, पुन्हा छापला. संपादकांस प्रत्येक शब्दापाशी थांबून ठरवावे लागले, की येथे श्वास अडवावयाचा की नाही, स्वर लांबवावयाचा की नाही. कारण लिहिणाराने ती खूण केली नव्हती, आणि विचारावयास लिहिणारा नव्हता.

लाहायनालुना शाळा आजही चालू आहे; तेथील विद्यार्थी दरवर्षी दावीद मालो दिन पाळतात व त्या दिवशी हुला व गायन होते. ज्या विद्येत मालो तरुणपणी निपुण होते आणि जिच्याकडे पाळक झाल्यावर त्यांनी पाठ फिरविली, तिनेच त्यांचा मान होतो, हे पाहून त्यांस काय वाटले असते हे आम्हांस सांगता येत नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी वणव्याने लाहायना गाव जळाले. शंभरावर माणसे मेली. रिचर्ड्स यांच्या वेळच्या जुन्या मंडळीचे चर्चही त्यात गेले. उतारावरची शाळा वाचली, ऑक्टोबरात मुले परत वर्गांत बसली, आणि त्यांच्या वर, टेकडीच्या माथ्याकडे, मालो यांची कबर आहे.